आदिमानवाचा आहार : दातांची साक्ष

उत्तर टांझानियातील ओल्डुवाई नावाच्या घळीत दिनांक १७ जुलै १९५९ रोजी मेरी लीकी या पुरातत्त्वविदुषींना उतारावरील मातीतून डोकावणारे एक हाड दिसले. हलक्या हाताने माती दूर करताच जबड्यात बसलेल्या दोन प्रचंड दाढा नजरेस पडल्या. त्यांचे पती लुई लीकी त्या दिवशी आजारी असल्याने छावणीतच होते. पुढे कित्येक दिवस तेथील माती चाळून शेकडो तुकडे गोळा करण्यात आले व ते जुळवून एक कवटी सिद्ध झाली. तिचे वय सुमारे साडेसतरा लाख वर्षे ठरले. या मानवसम प्राण्याला आज 'पॅरान्थ्रोपस बॉयसी' या नावाने ओळखले जाते.

आधुनिक माणसाच्या दाढांच्या कितीतरी पट मोठ्या दाढा, त्यांवर जाड कवच, आणि चर्वणाचे बळकट स्नायू चिकटण्यासाठी कवटीच्या माथ्यावर उभा राहिलेला हाडाचा कंगोरा, असा हा सारा जामानिमा होता. हा प्राणी कठीण कवचाची फळे व बिया फोडून खात असला पाहिजे, असा तर्क तत्काळ निघाला. इंग्रजीत त्याला 'नटक्रॅकर मॅन' असे टोपणनाव पडले. मराठीत त्याला 'अडकित्त्या' म्हणता येईल. हे नाव इतके रुजले की जवळजवळ अर्धशतक त्याविषयी फारशी शंका कोणी घेतली नाही.

तथापि दाताच्या आकारावरून प्राणी काय खाऊ शकत होता एवढेच सांगता येते. तो प्रत्यक्षात काय खात होता, हा प्रश्न वेगळा आहे. घरात अडकित्ता आहे म्हणून घरातील माणसे रोज सुपारीच खातात असे कोणी म्हणणार नाही! या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा मार्ग रसायनशास्त्राने दाखविला, आणि त्यामुळे अडकित्त्याची कथा पार बदलून गेली.

दात हीच नोंदवही

मृत्यूनंतर माणसाचे मांस, त्वचा, केस नष्ट होतात. हाडे टिकली तरी त्यांतील सेंद्रिय भाग हळूहळू विरघळतो आणि मातीतील क्षार त्यांत शिरतात. उष्ण प्रदेशात तर ही झीज फार लवकर होते. दाताचे बाहेरील कवच, म्हणजे दंतवल्क, हा मात्र शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ होय. वजनाने त्याचा सुमारे ९६ टक्के भाग खनिजांचा असतो. लाखो वर्षे भूगर्भात राहूनही त्याची मूळ घडण बव्हंशी कायम राहते.

त्याचा दुसरा विशेष याहूनही महत्त्वाचा आहे. हाड आयुष्यभर झिजत व नव्याने भरत असते. दंतवल्क एकदा तयार झाले की पुन्हा बदलत नाही. पहिल्या कायम दाढेचे दंतवल्क जन्माच्या सुमारास तयार होऊ लागते व तिसऱ्या वर्षाच्या आसपास पुरे होते. अक्कलदाढेचे काम किशोरवयापर्यंत चालते. म्हणजे साठ वर्षांच्या वृद्धाच्या पहिल्या दाढेत त्याच्या बाळपणीच्या अन्नाची नोंद असते, तर अक्कलदाढेत त्यानंतरच्या वर्षांची. झाडाच्या बुंध्यातील वलयांप्रमाणे दंतवल्कातही सूक्ष्म वाढरेषा असतात. त्या थेट एका दिवसाच्या वाढीपर्यंत मोजता येतात.

दंतवल्कातील खनिजात थोडा कार्बन असतो आणि तो अन्नातून आलेला असतो. प्रस्तुत पद्धतीचा पाया या साध्या गोष्टीवर उभा आहे.

ज्वारी आणि गहू यांतील फरक

हवेतील कार्बनचे बहुतेक अणू १२ वस्तुमानाचे असतात. शंभरात सुमारे एक अणू १३ वस्तुमानाचा, म्हणजे किंचित जड असतो. या दोहोंना कार्बनचे स्थिर समस्थानिक म्हणतात. (प्राचीन वस्तूंचे वय ठरविण्यासाठी वापरला जाणारा किरणोत्सर्गी कार्बन-१४ हा याहून निराळा. येथे त्याचा संबंध नाही.) वनस्पती हवेतील कार्बन-डाय-ऑक्साइड वायू घेऊन अन्न तयार करतात तेव्हा जड कार्बन काही प्रमाणात पाखडून टाकतात. मात्र सर्व वनस्पतींची पाखडणी सारखी नसते.

भात, गहू, जव, तूर, हरभरा, बहुतेक भाज्या, कंद आणि जवळजवळ सर्व वृक्ष यांचा एक गट पडतो. प्रकाशसंश्लेषणात त्यांच्यात प्रथम तयार होणाऱ्या संयुगात कार्बनचे तीन अणू असतात, म्हणून त्यांस तीन-कार्बनी म्हणता येईल. ज्वारी, बाजरी, नाचणी, वरी, मका, ऊस यांचा गट चार-कार्बनी. उष्ण प्रदेशातील माळरानावरची बहुतेक गवतेही याच गटातील होत. आपल्याकडील हरळी, कुसळी, पवना, मारवेल ही त्यांची उदाहरणे आहेत. कडक ऊन व अपुरे पाणी यांतही ही पिके तग धरतात. याचे एक कारण असे की हवेतील वायू पानात साठवून घट्ट करण्याची एक जादा व्यवस्था त्यांच्याजवळ असते. या व्यवस्थेमुळे त्यांच्यात जड कार्बनची पाखडणी कमी होते. एका ठरावीक प्रमाणाशी तुलना करता पहिल्या गटात जड कार्बन हजारी सुमारे २७ ने कमी भरतो, तर दुसऱ्या गटात सुमारे १२ नेच कमी असतो.

हा फरक खाणाऱ्याच्या शरीरात उतरतो. आयुष्यभर भात खाणाऱ्याचे आणि आयुष्यभर ज्वारीची भाकरी खाणाऱ्याचे दात दिसायला एकसारखेच असतील, पण प्रयोगशाळेत ते वेगळे ओळखता येतील. मधातील भेसळ शोधण्यासाठीही हेच तत्त्व वापरले जाते. मधमाश्या ज्या फुलांवर जातात ती बहुधा तीन-कार्बनी वनस्पतींची असतात आणि ऊस चार-कार्बनी. त्यामुळे मधात उसाची साखर मिसळली की कार्बनचा हिशेब बिघडतो व भेसळ उघडकीस येते.

मानवी अवशेषांवर या ज्ञानाचा एक आरंभीचा उपयोग फोगेल व व्हॅन डर मर्व या दोन शास्त्रज्ञांनी १९७७ साली केला. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात मूळ रहिवाशांनी मक्याची शेती केव्हा सुरू केली, हे त्यांनी हाडांतील कार्बनवरून दाखवून दिले. त्या थंड प्रदेशातील मूळच्या वनस्पती बहुतांशी तीन-कार्बनी आणि मका चार-कार्बनी असल्यामुळे उत्तर स्पष्ट मिळाले.

प्रत्यक्ष कृती सांगण्यास सोपी आहे. दाताच्या शक्यतो आधीच तुटलेल्या कडेवरून बारीक गिरमिटाने काही मिलिग्रॅम भुकटी काढतात. तिच्यावर फॉस्फरिक आम्लाची क्रिया करून कार्बन-डाय-ऑक्साइड वायू मुक्त करतात आणि मास स्पेक्ट्रोमीटर या यंत्रात त्यातील जड व हलक्या कार्बनचे गुणोत्तर मोजतात. आता लेसर किरणांच्या साहाय्याने याहूनही थोड्या द्रव्यात काम भागते. तरीही दाताचा काही अंश कायमचा जातोच. म्हणून दुर्मिळ जीवाश्मांच्या बाबतीत संग्रहालये परवानगी देताना हात आखडता घेतात, आणि त्यात गैर काही नाही.

लाखो वर्षांत दातातील मूळ कार्बन बदलला नसेल कशावरून, हा आक्षेप १९८० च्या दशकात जोराने मांडला गेला. केपटाऊन विद्यापीठातील ज्यूलिया ली-थॉर्प यांनी त्याला दिलेले उत्तर मोठे समर्पक आहे. एकाच थरात सापडणारे पाला खाणाऱ्या प्राण्यांचे व गवत खाणाऱ्या प्राण्यांचे दात त्यांनी शेजारी शेजारी ठेवून तपासले. मातीमुळे दात बदलले असते तर दोहोंचे आकडे जवळ यायला हवे होते. प्रत्यक्षात पाला खाणाऱ्यांचा आकडा वेगळा आला व गवत खाणाऱ्यांचा वेगळा, आणि तोही अपेक्षेप्रमाणे. दंतवल्काची साक्ष ग्राह्य ठरली. हाडांच्या खनिजाबाबत मात्र इतका विश्वास ठेवता येत नाही.

अडकित्त्याचे खरे अन्न

आता पुन्हा ओल्डुवाईच्या त्या प्राण्याकडे वळू. पहिला धक्का रसायनशास्त्राने नव्हे, तर सूक्ष्मदर्शकाने दिला. पीटर उंगार व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली बॉयसीच्या दाढांवरील बारीक ओरखडे तपासले. कठीण कवचे फोडणाऱ्यांच्या दाढांवर खोल खळगे पडतात. ते येथे आढळले नाहीत. दिसले ते केवळ बारीक चरे.

त्यानंतर थुरे सर्लिंग व सहकाऱ्यांनी केनियात सापडलेल्या २२ व्यक्तींच्या २४ दातांचे कार्बन-परीक्षण २०११ साली प्रसिद्ध केले. हे दात १९ ते १४ लाख वर्षांपूर्वीचे होते. या प्राण्यांच्या आहारात सरासरीने सुमारे ७७ टक्के वाटा चार-कार्बनी अन्नाचा असल्याचे दिसून आले. कवचाची फळे झाडांना लागतात, आणि झाडे तीन-कार्बनी. म्हणजे अडकित्त्याचे मुख्य अन्न कवचाची फळे असणे शक्यच नव्हते. त्याच्या दातांतील कार्बन त्याच काळातील गवतखाऊ प्राण्यांशी जुळणारा निघाला. आजच्या वानरकुळात असा गवताहारी प्राणी शोधायचा तर इथिओपियाच्या डोंगराळ भागातील गेलाडा वानराकडेच बोट दाखवावे लागते. एवढ्या मोठ्या दाढा कठीण अन्न फोडण्यासाठी नसून निकस, चिवट अन्न दिवसभर चघळण्यासाठी असाव्यात, असा अर्थ आता लावला जातो.

हा प्राणी गवताची पातीच खात होता की पाणथळीतील लव्हाळा व मोथा यांचे कंद उकरून खात होता, हे कार्बनवरून ठरत नाही. कारण यांपैकी कित्येक वनस्पतीही चार-कार्बनीच. ही पद्धत अन्नाचा गट सांगते, पदार्थ सांगत नाही. तिच्याकडून याहून अधिक वदवून घेण्याचा मोह अभ्यासकांना कधीकधी होतो, आणि वृत्तपत्रांना तर नेहमीच.

याच बॉयसीचा एक भाऊबंद दक्षिण आफ्रिकेत राहत होता. त्याचे नाव पॅरान्थ्रोपस रोबस्टस. जबडा तसाच बळकट, दाढाही मोठ्या. त्याच्या दातांत मात्र चार-कार्बनी अन्नाचा वाटा पाव ते एक-तृतीयांश एवढाच निघाला. मॅट स्पॉनहायमर व सहकाऱ्यांनी २००६ साली स्वार्टक्रान्स येथील रोबस्टसच्या चार दातांवर वाढरेषांच्या दिशेने लेसरने ओळीने नमुने घेतले, तेव्हा एकाच दातात ऋतूगणिक व वर्षागणिक आहार पालटत गेल्याचे आढळून आले. बाह्य ठेवण एकसारखी, पण ताट निराळे! केवळ हाडांच्या आकारावरून असे निष्कर्ष काढता आले नसते.

मांस केव्हापासून?

मानवाच्या पूर्वजांनी मांस खाण्यास केव्हा आरंभ केला, हा या विषयातील सर्वांत वादग्रस्त प्रश्न होय. मेंदू हा शरीरातील सर्वांत खर्चिक अवयव. तो वाढण्यास मांसाहाराने मदत केली, हे मत सर्वत्र मांडले जाते. पण पुरावा काय?

स्पॉनहायमर व ली-थॉर्प यांनी १९९९ साली दक्षिण आफ्रिकेतील माकापान्सगाट येथील सुमारे ३० लाख वर्षांपूर्वीच्या ऑस्ट्रेलोपिथेकसचे दात तपासले. त्यांत चार-कार्बनी अन्नाच्या स्पष्ट खुणा होत्या. पण येथे एक पेच निर्माण झाला. त्या प्राण्याने स्वतः गवत खाल्ले, की गवत खाणाऱ्या हरणाचे मांस खाल्ले? दोन्ही मार्गांनी दातात येणारा कार्बन एकच. केवळ कार्बनच्या आधारे हा पेच सुटण्यासारखा नव्हता.

नायट्रोजनच्या साहाय्याने तो सोडविता येतो. अन्नसाखळीत वनस्पतीपासून शाकाहारी प्राण्याकडे आणि तेथून मांसाहारी प्राण्याकडे जाताना प्रत्येक पायरीला जड नायट्रोजनचे प्रमाण हजारी सुमारे ३ ते ४ ने वाढते. अडचण एवढीच की नायट्रोजन सेंद्रिय द्रव्यात असतो, आणि लाखो वर्षांच्या दातात सेंद्रिय द्रव्य जवळजवळ उरतच नाही. जर्मनीतील माइन्झ येथील माक्स प्लांक रसायनशास्त्र संस्थेत यावर उपाय निघाला. दंतवल्काच्या खनिजात अडकून राहिलेला अत्यल्प नायट्रोजन मुक्त करून त्याचे जिवाणूंकरवी मोजता येण्याजोग्या वायूत रूपांतर केले जाते. यासाठी अवघे पाच मिलिग्रॅम दंतवल्क पुरते.

टीना ल्यूडेके व सहकाऱ्यांनी या पद्धतीने दक्षिण आफ्रिकेतील स्टर्कफोंटाइन गुहेतील सात ऑस्ट्रेलोपिथेकसचे दात तपासून २०२५ च्या जानेवारीत निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांचे आकडे तेथील शाकाहारी प्राण्यांसारखे निघाले. मांसाहारी प्राण्यांपेक्षा ते बरेच खाली होते. या पूर्वजांनी सस्तन प्राण्यांचे मांस नियमितपणे व मोठ्या प्रमाणावर खाल्ले नाही, असा त्याचा अर्थ होतो. क्वचित प्रसंगी ते खाल्लेच नसेल, असे मात्र यावरून म्हणता येत नाही.

बाळाचे दूध केव्हा तुटले

शिशुसंगोपनाचा प्राचीन इतिहास दातांतून वाचता येईल, अशी कल्पनाही काही दशकांपूर्वी कोणी केली नसती. आईच्या दुधावाटे बाळाच्या शरीरात बेरियम हे मूलद्रव्य विशिष्ट प्रमाणात जाते व त्याचा ठसा वाढत्या दंतवल्कात उमटतो. दूध तुटले की बेरियम उतरते. बेल्जियममधील स्क्लादिना गुहेत सापडलेल्या एका निअँडरथल बालकाच्या दाढेचे असे परीक्षण २०१३ साली प्रसिद्ध झाले. हे बालक सुमारे सात महिने केवळ आईच्या दुधावर होते. पुढील सात महिने दुधाबरोबर त्याला अन्य अन्न मिळत होते. त्यानंतर, म्हणजे वयाच्या सव्वा वर्षाच्या सुमारास, त्याचे दूध एकदम तुटले. आई दगावली, की ती दोघे दुरावली, हे दात सांगत नाही.

दूध लवकर तुटले तर दोन बाळंतपणांतील अंतर कमी होते व लोकसंख्या वाढते. त्यामुळे ही माहिती एका बालकापुरती मर्यादित राहत नाही.

दख्खनच्या पांढरीत

महाराष्ट्रात लाखो वर्षांपूर्वीच्या मानवसमांचे दात मिळालेले नाहीत. मात्र आद्य शेतकऱ्यांचे अवशेष येथे विपुल आहेत. पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी असलेल्या इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी या पुरातत्त्वज्ञांचे हे कार्य देशभर मान्यता पावले. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळात तेथे वस्ती होती. दोनशेहून अधिक दफने मिळाली आणि त्यांत बालकांची बहुसंख्य होती. दोन रांजण तोंडाला तोंड लावून त्यांत बालकाचे शव ठेवीत आणि घराच्या जमिनीखालीच पुरीत.

तेथील मुख्य पीक जव हे होते. इसवी सनापूर्वी १००० नंतर घरे लहान व गोल झाली, शेती मागे पडली, गुरे, मेंढ्या व शिकार यांवरील भिस्त वाढली, असे अनुमान उत्खनकांनी काढले व वाढता दुष्काळ हे त्याचे कारण सांगितले. जॉन लुकाच व सुभाष वाळिंबे यांनी तेथील सांगाड्यांचा व दातांचा अभ्यास करून १९८६ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. दंतवल्कावरील खळगे व खाचा म्हणजे बालपणीच्या आजारपणाच्या व कुपोषणाच्या खुणा. त्याही या बालकांच्या दातांवर नोंदविल्या गेल्या. पुढे ग्वेन रॉबिन्स शुग यांनी २०११ सालच्या आपल्या ग्रंथात दुष्काळाच्या कारणाविषयी शंका उपस्थित केली.

दंतवल्काचे रसायन या वादात उपयोगी पडण्यासारखे आहे. जव तीन-कार्बनी, ज्वारी, बाजरी व नाचणी चार-कार्बनी. ही तिन्ही धान्ये मूळची आफ्रिकेतील. आज महाराष्ट्राच्या जेवणाचा कणा असलेली भाकरी दख्खनच्या ताटात केव्हा आली, हे दातांतील कार्बनच्या चढत्या आकड्यावरून कळू शकते. अर्थात येथेही माकापान्सगाटचाच पेच उभा राहतो. दख्खनच्या माळावरील गवतेही चार-कार्बनी असल्यामुळे त्यांवर चरणाऱ्या गाईचे दूध पिणाऱ्याच्या दातात ज्वारी खाणाऱ्यासारखाच कार्बन उतरणार. धान्य वाढले की गुरांवरील भिस्त वाढली, हे वेगळे काढायचे असेल तर नायट्रोजनची जोड हवी. आपल्या उष्ण जमिनीत हाडांतील सेंद्रिय द्रव्य सहसा टिकत नसल्याने ही जोड मिळविणे अवघड होते. दंतवल्कातील नायट्रोजन मोजण्याच्या नव्या पद्धतीने ती अडचण दूर होऊ शकते.

त्यासाठी दात मात्र हाती असले पाहिजेत, आणि ते योग्य थरातून मिळाले पाहिजेत. गावची जमीन 'काळी' आणि वस्तीची जागा 'पांढरी', ही विभागणी ग्रामीण भागात सर्वपरिचित आहे. नदीकाठची ओसाड पांढरीची टेकाडे म्हणजे बहुधा जुन्या वस्त्याच असतात. त्यांची राखमिश्रित माती पिकाला मानवते म्हणून ती गाडीगाडीने शेतात नेण्याची प्रथा अनेक ठिकाणी चालत आली आहे. या मातीबरोबर खापरे, मणी, हाडे व दातही विखुरले जातात. शेतात विखुरलेला दात कोणत्या थरातील, कोणत्या घराखालचा, हे मागाहून कोणालाही सांगता येत नाही.

रस्ता, विहीर, पाझर तलाव किंवा शाळागृहाचा पाया खणताना रांजण, हाडे वा दात दिसल्यास त्या जागेचे काम थांबवून तहसीलदारांना व राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाला कळविणे इष्ट ठरते. वस्तू जागच्या जागी राहू द्यावी, धुऊ नये. शाळेच्या संग्रहात ठेवण्यासाठी दातांवर सरस, लाख किंवा व्हार्निश लावण्याची हौस काही ठिकाणी दिसते; त्यामुळे बाहेरचा कार्बन दाताला चिकटतो आणि पुढील परीक्षणात अडथळा येतो. इनामगावचे सांगाडे व दात डेक्कन कॉलेजच्या संग्रहात जतन केलेले असल्यामुळेच उत्खनन संपून पाव शतक उलटल्यावरही त्यांचा नव्याने अभ्यास होऊ शकला.